लहानपणीच्या कॉमिक्सचं पुढे काय झालं? (अनुभव धागा)

मंडळी, परवा गप्पांत वेताळाचा (कॉमिक्समधला, म्हणजे फँटमचा) विषय निघाला आणि जमलेल्यांपैकी प्रत्येकाने तेच ऐकवलं, "माझ्याकडे ढीगभर होते रे!" होते, म्हणजे आता नाहीत. मग गेले कुठे?

धागा त्यासाठीच काढलाय. इंद्रजाल (वेताळ, मँड्रेकवाली कॉमिक्स, १९६४ ते १९९०), अमर चित्र कथा, टिंकल, चाचा चौधरी, काहीही चालेल. चांदोबा कॉमिक नव्हे हे ठाऊक आहे, पण त्यालाही येऊ द्या, नाहीतर निम्मी मंडळी रुसतील. गहिवर जरा आवरा आणि मुद्द्याचं सांगा: अंक शेवटचे कुठे होते, कोणाच्या हाती गेले, आज काय उरलंय. 'आईने रद्दीत दिले' एवढंच असेल तरी लिहा, पण का दिले तेही लिहा. आयांची बाजू कोणी मांडतच नाही.

माझ्यापासून सुरुवात करतो. आमच्याकडे दादाने इंद्रजालचे अंक बाइंड करून घेतले होते. बाइंडरने मुखपृष्ठं फाडून काढली (जाड कागद शिलाईत नीट बसत नाही म्हणे) आणि तिन्ही बाजू कापून कडा एकसारख्या केल्या. त्यात काही पानांवरच्या संवादाच्या फुग्यांची पहिली ओळच गेली. जादूगार मँड्रेक हात पुढे करून काहीतरी बोलतोय आणि वाक्य मधूनच सुरू होतंय. तेव्हा दादा बाइंडरवर जाम उखडला होता. पण आज घरात उरलेत ते हेच खंड. जे सुटे होते, ज्यांच्यावर आमचा जास्त जीव होता, ज्यांवरून मारामाऱ्या व्हायच्या, त्यातला एकही नाही.

कोकणी_माळा

आमच्याकडे पत्र्याची ट्रंक, आत डांबरगोळ्या, वर आजोबांचं जुनं धोतर. एवढा बंदोबस्त करून ट्रंक ठेवली कुठे, तर माळ्यावर भिंतीला टेकवून. बऱ्याच वर्षांनी उघडली तर सगळ्यात वरचा अंक अगदी कोरा, जसा ठेवला तसा. उचलला तर हातात नुसतं मुखपृष्ठ आलं. खाली मातीच माती. वाळवी तळाच्या गंजलेल्या भोकातून शिरली होती आणि आतून खात खात वर आली होती. पिना तेवढ्या शाबूत, मातीत ओळीने रुतलेल्या. काकू म्हणाली, "बघ, आम्ही कोणी हात लावला नव्हता हो!" हात लावला असता तर बरं झालं असतं, असं तोंडावर आलं होतं. बोललो नाही.

बदलीवाला

रद्दी. वडील बँकेत, सारख्या बदल्या. ट्रकमध्ये एक तर शिलाई मशीन नाहीतर कॉमिक्सची खोकी. मशीन अजून चालतंय.

ऑरेंजसिटी

आमच्या नागपुरात मराठी कमी, हिंदी कॉमिक्सच जास्त चालायची. चाचा चौधरी, साबू, पिंकी, बिल्लू. व्यंगचित्रकार प्राणसाहेबांचं सगळं तोंडपाठ होतं. 'चाचा चौधरी का दिमाग कंप्यूटर से भी तेज चलता है' हे वाक्य आम्ही कंप्यूटर पाहायच्या आधी शिकलो. नंतर नागराज आला आणि चाचा एकदम लहान पोरांचे झाले.

माझ्या कॉमिक्सचं काय झालं? बॅट झाली. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापली कॉमिक्स एकत्र केली, सीताबर्डीला फुटपाथवर जुनी पुस्तकं घेऊन बसणाऱ्याला विकली आणि बॅट घेतली. ती पहिल्याच पावसाळ्यात तडकली. त्या सौद्यात माझा वाटा सगळ्यात मोठा होता, पण ओपनिंगला मला कधीच पाठवलं नाही बे. तक्रार आहे ती याची. कॉमिक्सची नाही.

माहेरवाशीण

माझा अनुभव जरा वेगळा. आमच्या घरी अमर चित्र कथा यायच्या त्या माझ्या स्कॉलरशिपच्या पैशांतून. पण कपाट दादाच्या खोलीत, त्यामुळे आल्यागेल्याला सांगताना 'आमच्या बंड्याचा संग्रह'. लग्न झाल्यावर मी भांडी नेली, साड्या नेल्या, शिलाईचे नमुने नेले. कॉमिक्स नेईन असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही. सासरी पहिल्या वर्षी कॉमिक्स काढून बसले असते तर काय झालं असतं, कल्पना करा.

अंक अजून तिथेच आहेत, सुस्थितीत आहेत आणि भाची वाचते. मागच्या दिवाळीत तिने विचारलं, "आत्या, यातले सगळे राक्षस काळे का गं? आणि राण्या सगळ्या गोऱ्या का?" मी ते अंक कितीदा वाचले असतील, मला कधी खटकलं नव्हतं. मग आम्ही दोघी एकेक काढून बघत बसलो. काही अपवाद सापडले, कृष्ण निळा आहे वगैरे. पण पोरीचं म्हणणं बरोबर होतं. वहिनीने विचारलं, हवेत का परत? मी म्हटलं राहू देत, इथे वाचणारी आहे. फक्त 'बाबांची पुस्तकं' म्हणायचं नाही, हे मात्र भाचीला बजावून आले.

जुनापाना

मी गेली बरीच वर्षं जुने अंक जमवतो, घेतो, विकतो. धागाकर्ते, तुमच्या दादाच्या बाइंडरसारख्यांनीच निम्मा महाराष्ट्र वाचवलाय. पण बाजारात या खंडांना फारसा भाव नाही. गिऱ्हाईक पहिल्यांदा मुखपृष्ठ बघतं, मग पिना, मग मधलं पान. मागे कोणी शब्दकोडं सोडवलंय का तेही बघतात. मराठी इंद्रजाल माझ्या हाती इंग्रजीपेक्षा कमी येतात, आणि आले तर वाचून वाचून पार झिजलेले. म्हणजे मराठी पोरांनी ते वाचायलाच घेतले होते, ठेवायला नव्हे.

वाळवी हा वेगळा विषय, पण कागद मुळातच अल्पायुषी. न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि पान घडीवर तुटायला लागतं. तेव्हा ज्यांच्याकडे काही उरलंय त्यांनी एवढं करा: सेलोटेप लावू नका (तिचा डिंक पिवळा डाग पाडतो, तो निघत नाही), लॅमिनेट तर अजिबात करू नका, रबरबँड काढून टाका. गंजकी पिन पानाला खात असेल तर हळूच सरळ करून काढा. ट्रंक भिंतीपासून लांब आणि जमिनीपासून उंच ठेवा. आणि वर्षातून एकदा उघडा हो. कसर बंद पेटीतच वाढते.

अजून एक. नवे लोक मला नेहमी अमर चित्र कथेचे १ ते १० नंबर मागतात. शोधत बसू नका. ते परदेशी परीकथांचे अंक होते, कन्नडमध्ये निघालेले. अनंत पैंची भारतीय कथांची मालिका सुरू होते तीच ११ नंबरच्या 'कृष्ण'पासून. त्याची चित्रं राम वाईरकरांची, टिंकलमधला सुप्पंडी ज्यांनी काढला तेच.

गॅलरीवाचनालय

आम्ही सुट्टीत चाळीच्या गॅलरीत लायब्ररी चालवायचो. भाडं दिवसाला दहा पैसे, मुखपृष्ठ फाटलं तर दंड. मोठ्या भावाने रबरी शिक्का करून आणला होता, त्यामुळे आमचा भलताच रुबाब. प्रत्येक अंकावर वर उजव्या कोपऱ्यात बॉलपेनने नंबर. वहीत रकाने: नाव, अंक, नेला, आणला. चाळ पाडायची ठरली तेव्हा सगळे पांगले आणि 'आणला'चे रकाने रिकामेच राहिले.

हल्ली एका ऑनलाइन ग्रुपवर बहादूरचा एक अंक विकायला दिसला. इंद्रजालमधला आबिद सुरतींचा नायक बहादूर, ज्यात तो भगवा कुर्ता आणि जीन्स घालतो. फोटो मोठा करून बघितला तर कोपऱ्यात आमच्या भावाचाच आकडा, त्याची ती आडवी रेघ मारलेली सातची पद्धत. विकणारा भलत्याच गावचा. त्याला म्हटलं, हा आमचा अंक आहे. तो म्हणाला, असेल साहेब, किंमत तीच. मग घासाघीस केली आणि घेतला. भावाला दाखवला तर त्याने आधी शिक्का तपासला आणि विचारलं, "याचं भाडं किती झालं?"

डेंकालीकर

माझ्याकडे कागदी एकही नाही, स्कॅन आहेत. कोणाकोणाकडून गोळा केलेले. कायदेशीर का, विचारू नका. ('किशोर' मासिकाचं त्याबाबतीत बरं आहे, १९७१ पासूनचे अंक बालभारतीनेच ऑनलाइन खुले केलेत. असं बाकीच्यांनी केलं तर स्कॅनचा उद्योगच बंद होईल.)

मोठेपणी मूळ इंग्रजी वेताळ वाचला तेव्हा कळलं की तिकडे वेताळाचा देश 'डेंकाली' नाहीच. मूळच्या नावात 'बंगाल' ऐकू येतं, म्हणून इकडे ते बदललं होतं. मला बसलेला धक्का सांगता येत नाही, कारण मी नकाशात डेंकाली शोधला होता. आयडी बदलणार नाही.

स्कॅनमध्ये सगळं आहे, फक्त मागच्या पानाची शाई बोटाला लागायची ते नाही. आणि रात्री पांघरुणात वाचताना आता आई ओरडत नाही, बायको ओरडते.

सिन्नरकर

आमच्याकडचे आईने दिले, आणि का दिले ते सांगतो, कारण विचारलंय. गणितात नापास झालो होतो. रद्दीवाल्याला नाही, शेजारच्या मुलाला दिले, कारण तो पास झाला होता. तो हल्ली परदेशात असतो. त्याची आई सांगत होती की अंक त्याने जाताना सोबत नेले.

या धाग्यावर कोणाकडे डिटेक्टिव्ह रिप किर्बीचा तो अंक आहे का, ज्यात हवेलीतला हार चोरीला जातो? त्याच्याकडे गेला तेव्हा मी शेवटच्या चार पानांवर होतो. त्याचा बटलर डेस्मंड दिवाणखान्यात चहा घेऊन येतो, तिथपर्यंत वाचलंय. कोणाकडे असेल तर पुढच्या पानांचे फोटो टाका, किंवा चोर कोण तेवढं सांगा.