मदत हवी आहे: मधुमेहाची गोळी चालू असताना वजनासाठी लो कार्ब करावं का? (इंदूर, शाकाहार आणि अंडी)

मालवीपोळी

ह्यांच्यासाठी विचारते आहे. वय ४६, उंची १६४ सेंमी, वजन ८४ किलो, कंबर १०४ सेंमी. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.८. गोळ्या: मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ सकाळी, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४०. बैठं काम, संध्याकाळी अर्धा तास चालणं.

जिममधल्या प्रशिक्षकाने कागद लिहून दिलाय: दिवसाला २० ग्रॅम कार्ब्ज (कर्बोदकं), पोळी, भात, डाळ, फळं बंद, पनीर आणि तूप हवं तेवढं, सकाळी ग्लासभर मीठपाणी. सोमवारपासून सुरू करायचं म्हणतात. घरी सासूबाई, दोन मुलं, रविवारी सकाळी पोहे-जलेबी ठरलेली. हे करावं का, करायचं तर किती, आणि एकाच स्वयंपाकात कसं बसवायचं? कृपया आकड्यांसकट सांगा.

शर्करामापक

ताई, सोमवार पुढे ढकला. ताटाच्या आधी ग्लिमेपिराइडचं बघायला हवं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग ताटात पोळी असो वा नसो. कार्ब्ज एकदम २० वर आणले आणि डोस तोच ठेवला तर साखर ७० च्या खाली उतरते: घाम, हात थरथरणं, एकाएकी कडकडून भूक, बोलण्यात गोंधळ. त्यामुळे आधी डॉक्टरांकडे जा, ताटात काय बदलणार ते दाखवा आणि त्या दिवसापासून कुठली गोळी किती, हे लिहून घ्या. अशा वेळी ही गोळी बहुधा कमी करतात किंवा थांबवतात. आपल्या मनाने मात्र बंद करू नका. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा अशी कोसळत नाही.

साखर ७० च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, चढली नसेल तर पुन्हा तेवढीच द्या. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पहिले दोन आठवडे उपाशीपोटी, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजून वहीत लिहा.

मीठपाण्याचा सल्ला अगदी निराधार नाही. कार्ब्ज घटले की इन्शुलिन उतरतं, मूत्रपिंडं सोडियम सोडून देतात, त्याबरोबर पाणीही जातं. पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी आणि पोटऱ्यांत येणारे गोळे बरेचसे त्याचेच. पण रक्तदाबाच्या माणसाने ठरवून मीठपाणी पिऊ नये. घरच्या यंत्रावर रोज दाब बघा, उठताना चक्कर येत असेल तर टेल्मिसार्टनचा डोस डॉक्टरांना विचारा. आणि बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि टेल्मिसार्टननेही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. ही चूक फार घरांत होते.

हा धागा इतरही वाचतील म्हणून: ज्यांना डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या) चालू आहे त्यांनी डॉक्टरांना न विचारता कीटो, म्हणजे कार्ब्ज अगदी कमी आणि स्निग्ध जास्त असा आहार, अजिबात करू नये. रक्तात आम्ल साठतं आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतही नाही, म्हणून ओळखायला उशीर होतो. उलट्या, पोटदुखी, धाप यांतलं काही दिसलं तर थेट रुग्णालय.

चरबीमित्र

गोळ्यांबद्दल पूर्ण सहमत. पण २० ग्रॅम हा आकडा हास्यास्पद समजू नका. १९२१ पासून अपस्माराच्या उपचारात कीटोजेनिक आहार वापरात आहे, त्याचं शरीरशास्त्र पक्कं आहे. दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आलं की यकृत चरबीपासून कीटोन नावाचं इंधन बनवू लागतं आणि बऱ्याच जणांची भूक खरोखर मंदावते. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरतात, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) थोडं चढतं, जेवणानंतरची साखर सपाट होते. मधुमेहींच्या औषधांचे डोस कमी होतात ते यामुळेच.

अडचण शाकाहाराची आहे. हिशोब मांडून बघा: पनीर २०० ग्रॅम म्हणजे ६, दही १५० ग्रॅम म्हणजे ६ ते ७, भाज्या ३०० ग्रॅम म्हणजे १२. वीस संपले! अजून चहाचं दूध, दाणे, कांदा-टोमॅटो मोजलेच नाहीत. म्हणून माझं मत, तीन महिने ५० ग्रॅम धरा.

पुराव्यानिशी

भूक मंदावते हे खरं. पण वर्षअखेरीस काय उरतं? २००३ साली अमेरिकेत ६३ जणांवर ॲटकिन्स पद्धतीच्या लो कार्ब आहाराची चाचणी झाली. सहा महिन्यांना लो कार्ब गट पुढे होता, बारा महिन्यांना फरक पुसट झाला. २०१८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एकात स्निग्ध कमी, दुसऱ्यात कार्ब्ज कमी; दोन्हींत साखर-मैदा टाळायचा आणि भाज्या भरपूर. उतरलेलं सरासरी वजन ५.३ आणि ६.० किलो, म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने बरोबरीच. एकाच गटातल्या माणसामाणसांत मात्र प्रचंड तफावत होती: काहींचं पंचवीसेक किलो उतरलं, काहींचं वाढलं. कुठला आहार, यापेक्षा तो माणूस वर्षभर कुठला पाळू शकतो याला जास्त किंमत आहे.

पहिल्या आठवड्यातले दीड-दोन किलो तर चरबीचे नसतातच. यकृतात आणि स्नायूंत मिळून पाचेकशे ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असतं आणि दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी. ते रिकामं झालं की काटा खाली येतो. तिसऱ्या आठवड्यात काटा थबकला की माणसं निराश होऊन सोडतात, आणि एका लग्नाच्या पंगतीत तेच पाणी परत भरतं. हे आधीच सांगून ठेवा.

आपल्याकडचं चित्र बघा. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीनुसार भारतीय ताटात ६२ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कार्ब्जमधून येते. त्याच गटाने २०२२ मध्ये मधुमेह माघारी जाण्यासाठी सुचवलेलं प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास कार्ब्ज आणि २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असं आहे. म्हणजे प्रथिनं वाढवणं हा निम्मा कार्यक्रम, आणि त्याबद्दल त्या कागदावर एक ओळ नाही.

तीन_चमचे_तेल

आता स्वयंपाकघर. माझ्या मते ह्यांच्यासाठी ११० ते १२० ग्रॅम धरा. ५० चा आग्रह धरला तर घरात दोन स्वयंपाक होतील, आणि दोन स्वयंपाक दोन महिन्यांवर टिकत नाहीत.

आधी रविवारची बशी, कारण इंदुरात बहुतेकांचा घोटाळा तिथेच आहे. एका भरल्या बशीत साधारण ६० ग्रॅम कोरडे पोहे असतात: ४५ ग्रॅम कार्ब्ज. वर मूठभर सेव, २५ ग्रॅम धरा. त्यात बेसनाचे १२ ग्रॅम कार्ब्ज आणि ९-१० ग्रॅम तेल. दोन जलेब्या, ३० ते ३५ ग्रॅम कार्ब्ज. नव्वदच्या घरात गेलं, प्रथिनं जेमतेम १० ग्रॅम, आणि अकरा वाजता पुन्हा भूक. जिरावणाने (पोह्यांवरच्या मसाल्याने) काही बिघडत नाही, ते खुशाल भुरभुरा.

नुसती जलेबी बंद करून पोहे वाढवले तर काहीच साधत नाही. पोहे कोरडे २५ ग्रॅम घ्या, त्यात मोड आलेल्या मुगांची किंवा मटकीची वाटीभर घट्ट उसळ, दोन अंड्यांची भुर्जी बाजूला. उसळ-पोहे आपल्याच गावचे आहेत, सासूबाईंनाही परके वाटणार नाहीत. फक्त उसळ जास्त, पोहे कमी, सेव चिमूटभर.

रोजच्या दिवसाचा एक नमुना:

सकाळी चहा, १०० मिली दूध, बिनसाखरेचा. नाश्त्याला ५० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून धिरडी, आत ५० ग्रॅम पनीर किसून. दुपारी प्रत्येकी २५ ग्रॅम कणकेच्या दोन पातळ पोळ्या, ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, २०० ग्रॅम भाजी (बटाटा सोडून), १५० ग्रॅम दही. संध्याकाळी चहा आणि २५ ग्रॅम भाजलेले दाणे. रात्री १०० ग्रॅम पनीर किंवा टोफू किंवा तीन अंडी, २०० ग्रॅम भाजी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. पोळी नाही. दिवसभरात स्वयंपाकाला तेल चार छोटे चमचे, म्हणजे २० मिली.

बेरीज सुमारे १२० ग्रॅम कार्ब्ज, ७५ ग्रॅम प्रथिनं, १५५० कॅलरी. त्यांच्या उंचीला योग्य वजन साधारण ६२ किलो, त्याला दर किलोमागे १.२ ग्रॅम या हिशोबाने ७५ येतात. घरच्या बाकीच्यांना तेच सगळं, वर दोन पोळ्या आणि भात जास्त.

कणीक पहिले १५ दिवस वजनकाट्यावर मोजा. अंदाजाने लाटलेली पोळी सहज ४० ग्रॅमची निघते. दोनाच्या तीन कधी झाल्या कळतही नाही.

‘पनीर-तूप हवं तेवढं’ ही त्या कागदावरची सगळ्यांत घातक ओळ. एक मोठा चमचा तूप, १५ ग्रॅम, १३५ कॅलरी. कॉफीत दोन चमचे घालून प्यायलं तर २७०, आणि पोटाला आधार जवळजवळ शून्य. मूठभर बदाम १७५. वजन थबकतं त्यामागे बहुतेक वेळा हीच मूठ असते. रोज रात्री पनीरही नको, त्यात संपृक्त स्निग्ध बरंच असतं. आठवड्यात तीनदा पनीर, बाकी दिवस टोफू, अंडी किंवा सोयाबीन वड्या (कोरड्या ३५ ग्रॅममध्ये १८ ग्रॅम प्रथिनं).

मालवीपोळी

फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. डॉक्टरांची वेळ गुरुवारची घेतली आहे. तीन शंका. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी दिली तर? हे एकादशी आणि चतुर्थी करतात, त्या दिवशी साबूदाणा खिचडी असते. आणि पाहुणे आले की सराफ्यात, इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाणं चुकत नाही.

तीन_चमचे_तेल

ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कार्ब्ज जवळपास सारखेच, १०० ग्रॅमला ७० च्या आसपास. भाकरी जाड असते, एक भाकरी ६० ग्रॅम पिठाची सहज होते. आवडत असेल तर अर्धी द्या, पण भाकरी म्हणजे लो कार्ब नव्हे.

उपासाचा दिवस मात्र जपायला हवा. साबूदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च, ५० ग्रॅम कोरड्यात ४४ ग्रॅम कार्ब्ज आणि प्रथिनं नावालाही नाहीत. वर खिचडीतला बटाटा. मोरधन (वरई) थोडं बरं, पण तेही धान्यासारखंच मोजा. उपासाला पनीर, दही, ताक, भाजलेले दाणे, लाल भोपळ्याची दाण्याचं कूट घातलेली भाजी, काकडी एवढ्यात दिवस निघतो. खिचडी हवीच असेल तर साबूदाणा २० ग्रॅम, बाकी कूट आणि किसलेली काकडी.

सराफ्यात रात्री दहानंतर उपाशीपोटी जाऊ नका. घरून अंडी किंवा पनीर खाऊन निघा आणि तिथे एकच पदार्थ निवडा. भुट्ट्याचा कीस अर्धी बशी चालेल, मका आहे पण दूध-मसाल्यात शिजवलेला असतो, तळलेला नाही. गराडू हा कंद, तोही तळलेला, दोन-चार तुकड्यांवर थांबा. शिकंजी टाळाच. आपल्याकडची शिकंजी लिंबाची नसते, आटवलेलं दूध आणि साखर असते.

चरबीमित्र

१२० वर दोन महिने प्रामाणिकपणे करूनही कंबर हलली नाही तर दुपारची एक पोळी काढून ९०-१०० वर या. मी ५० म्हटलं होतं, पण उपास आणि एकत्र स्वयंपाक बघता इथून सुरुवात ठीक. भाज्या आणि पाणी कमी करू नका, बद्धकोष्ठ हे लो कार्ब सोडण्याचं मोठं कारण आहे. चमचाभर इसबगोल रात्री मोठ्या ग्लासभर पाण्यात, पण गोळ्यांपासून दोन तास लांब.

शर्करामापक

गुरुवारी जाताना या तपासण्यांबद्दल विचारा: क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन, युरिक ॲसिड, लिपिड प्रोफाइल, यकृताच्या चाचण्या. क्रिएटिनिन किंवा अल्ब्युमिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडाची शंका असेल, तर ७५ ग्रॅम प्रथिनांचा आकडा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पाळू नका. युरिक ॲसिड जास्त असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत ते आणखी चढून सांधा सुजू शकतो.

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर. कंबर मात्र नेमकी मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंमीची आहे, म्हणजे ह्यांना १४ उतरवायचे आहेत. लिपिड १२ आठवड्यांनी पुन्हा करा. काहींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) या आहारात बरंच चढतं. तसं दिसलं तर तूप-पनीर कमी करून दाणे, सोयाबीन आणि डाळी वाढवा. एचबीए१सी त्याच वेळी करा, त्याआधी करून उपयोग नाही, कारण ती चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. आणि ग्लिमेपिराइड बंद झाली आणि पुढे पोळ्या परत वाढल्या तर ते डॉक्टरांना कळवा, त्या वेळी साखर उलट दिशेने जाईल.