अनुभव धागा: कला, कार्यानुभव, खेळ, परिसर – तुमच्या वर्गात खरंच चाललेलं साहित्य कोणतं?

भाषा आणि गणित शिकवणाऱ्याला आज साहित्याची वानवा नाही. पेट्या येतात, प्रशिक्षणं होतात, शिष्यवृत्तीची मार्गदर्शकं तर कोणत्याही दुकानात मिळतात. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण आणि काही अंशी परिसर अभ्यास हे विषय मात्र वेळापत्रकात दिसतात, वर्गात दिसत नाहीत. बहुतेक प्राथमिक शाळांत त्यांना वेगळा शिक्षक नाही. वर्गशिक्षकाला गाणं येत नसेल, तर त्या वर्गाच्या वाट्याला गाणंच येत नाही. पुढे सत्रअखेरीला वर्णनात्मक नोंदी भरायच्या असतात, तेव्हा ‘रंग छान भरतो’ एवढंच सगळ्यांच्या नावापुढे लिहिलं जातं. मुलांवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

सोलापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या शिक्षक-पालकांना विनंती आहे, स्वतः वापरलेलंच लिहा. इयत्ता कोणती, काय लागलं, कुठून आणलं, आणि त्या विषयात गती नसलेल्या शिक्षकालाही ते जमेल का, हे जरूर सांगा. ग्रुपवर फिरणाऱ्या दोनशे पानी पीडीएफ नकोत. शाळांची आणि व्यक्तींची नावंही नकोत.

बार्शी तालुका, द्विशिक्षकी शाळा

सुरुवात घरातल्याच पुस्तकाने करतो. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ किती जणांनी पूर्ण चाळलंय? पहिली ते पाचवीच्या प्रत्येक इयत्तेसाठी कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण एकाच पुस्तकात आहे, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरून ते फुकट उतरवता येतं. माझ्याकडे दोन इयत्ता एका खोलीत बसतात. मी इयत्तेप्रमाणे पान उघडत नाही. एक कृती निवडतो आणि लहानांना सोपा भाग, मोठ्यांना अवघड भाग देतो. ठशांचं काम घेतलं तर पहिलीची मुलं भेंडीचे आणि बोटांचे ठसे उमटवतात, दुसरीची तेच ठसे ओळीत बसवून नक्षी करतात. साहित्य एकच, आवरायचं एकदाच. मला स्वतःला चित्र काढता येत नाही, तरी हे चालतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळची शाळा, तिसरी-चौथी

आमच्या निम्म्या मुलांचे आईवडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहेत. रिकामे कागदी कोन, उरलेलं रंगीत सूत, टॉवेलच्या कडा असं बरंच काही तिथे टाकून दिलं जातं. मुलांना सांगितलं की दुसऱ्या दिवशी पिशवी भरून येते. कार्यानुभवाचा वर्षभराचा माल त्यातच निघतो.

सगळ्यात चांगला चाललेला उपक्रम म्हणजे पुठ्ठ्याचा माग. वहीएवढा पुठ्ठा घ्यायचा, वरच्या आणि खालच्या कडेला अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडायच्या आणि त्यातून सूत वर-खाली ताणून घ्यायचं. हा झाला ताणा. मोडक्या पट्टीला रंगीत सूत गुंडाळलं की धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारं साधन, तयार. एक धागा वरून, एक खालून, परतताना उलट. ओळ झाली की कंगव्याने खाली दाबायची, म्हणजे फणीचं काम झालं. मुलं बाणा (आडवं सूत) फार ओढतात आणि कापड मधे आवळत जातं. त्यावर उपाय असा की सूत सरळ न ओढता थोडी कमान ठेवून सोडायचं, मग दाबायचं. हे मला एका मुलीच्या वडिलांनी वर्गात येऊन दाखवलं. रात्रपाळी करून आले होते, तरी तास संपेपर्यंत थांबले आणि प्रत्येक मुलाचा पुठ्ठा हातात घेऊन पाहिला. त्या मुलीचा चेहरा बघायला हवा होता.

पुढचा टप्पा चौकटीच्या वहीवर. सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्ड लावलेल्या मागावर निघते. नक्षीच्या एकेका ओळीसाठी एक पुठ्ठ्याचं कार्ड असतं आणि कुठला ताणा उचलायचा ते त्यावरची भोकं ठरवतात. मुलं चौकटी रंगवून मोर, फुलं, कोयऱ्या काढतात. गोल काढायला गेलं की कडेला पायऱ्या येतात, आणि चादरीवरचा मोर असा कोनाकोनांचा का दिसतो हे त्यांना आपोआप उमगतं. कला, कार्यानुभव, गणित आणि परिसर अभ्यास असे चार विषय यात येतात. विकतचं किट कशाला हवं?

पालक, जुळे सोलापूर

किटचा विषय निघाला म्हणून सांगते. माझ्या मुलाच्या शाळेत फीबरोबर ‘अ‍ॅक्टिव्हिटी किट’चे पैसे घेतात. आत सगळं आधीच कापलेलं, फक्त चिकटवायचं. प्रदर्शनाच्या दिवशी भिंतीवर एकसारखी चाळीस घुबडं होती, त्यातलं आपलं कुठलं ते मुलालाच सांगता येईना. पालकसभेत मी तो मुद्दा मांडला. आता घरी किशोर मासिकाचे जुने अंक वापरतो. १९७१ पासूनचा खजिना आहे, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर जुने अंक मोफत वाचता येतात.

पूर्व भागातली मराठी शाळा, पहिली-दुसरी

माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं जास्त, त्याखालोखाल कन्नड. संगीताच्या तासाला पुस्तकातली गाणी घेतली की निम्मा वर्ग ओठ मिटून बसायचा. नवरात्राच्या सुमारास एका मुलाच्या आजीला बोलावलं. तिने फुलं रचून बतकम्मा (तेलंगणातल्या सणातली फुलांची आरास) मांडली आणि मुलींना भोवती टाळ्यांच्या ठेक्यावर फिरायला लावलं. दुसऱ्या दिवशी पाटावर हत्ती काढून आमचा भोंडला घेतला. तोच फेर, तेच दिवस, फक्त ठेका वेगळा. मुलांनी दोन्ही ठेके टाळ्यांनी वाजवून दाखवले आणि कुठल्या गाण्यात टाळी कधी पडते ते मलाच समजावलं. मला सुरांचं ज्ञान नाही. गाणारी आजी शाळेपासून चार घरांवर राहते आणि बोलावलं की येते. गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवली आहेत (आजीला विचारूनच).

गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर हे प्रथम बुक्सचं संकेतस्थळ बघा. पुष्कळ गोष्टी मराठीत आहेत तशा तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही आहेत, चित्रं तीच. मोफत उतरवता येतात. नाट्यीकरणासाठी गोष्ट आधी घरच्या भाषेत ऐकवली, तर बुजरी मुलंही उभी राहतात.

मोहोळ तालुका

लेझीम. गणेशोत्सवातली सोलापूरची लेझीम सगळ्यांनी पाहिलीय. मंडळाकडे विचारा, वर्षातले बाकीचे महिने लेझमा पडून असतात. आम्हाला मिळाल्या, सोबत शिकवायला दोन तरुण पोरंही मिळाली.

निवृत्त शिक्षक, सोलापूर शहर

परिसर अभ्यासाबद्दल थोडं लिहितो. तिसरीचं पुस्तक बालभारतीने जिल्हावार काढलं होतं, ते अनेक शाळांच्या कपाटात असेल. सोलापूर जिल्ह्याची प्रत जपून ठेवा. पण पुस्तकापेक्षा आपलं गाव बोलकं आहे. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यासमोरून मुलं रोज जातात, आणि नावं विचारली तर गप्प. मी चौथीच्या वर्गाला तिथे नेत असे. भाषण करत नसे, एक कागद देत असे: चौघांची नावं लिहा, तारीख शोधा, घरी जाऊन त्यांच्याबद्दल विचारा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे; १२ जानेवारी १९३१, येरवड्यात फाशी. चार नावं नीट वाचली की हे शहर कसं एकत्र लढलं ते मुलांच्या लक्षात येतं. १९३० मध्ये इथे मार्शल लॉ (लष्करी कायदा) होता, हे ऐकलं की मुलं प्रश्नांवर प्रश्न विचारतात. त्यानंतर भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव. सहलीची बस लागत नाही. फक्त प्रश्नांचा कागद आधी नीट तयार करा, नाहीतर ते नुसतं फिरणं होतं.

माढा तालुका

आमच्या तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्यामागे त्यांचं मोठं काम आहे. आता कोड स्कॅन केला की शिक्षणासाठीच्या सरकारी दीक्षा अ‍ॅपवर व्हिडिओ उघडतात. रेंज नसेल तर घरूनच उतरवून न्या. विज्ञानाच्या खेळण्यांसाठी अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ, तिथे मराठी पुस्तकंही भरपूर आहेत. काडेपेटी, स्ट्रॉ, सायकलच्या ट्यूबचा तुकडा एवढ्यावर तास होतो.

अक्कलकोट तालुका

माझा प्रश्न आहे. एकच खोली, पटांगणात पावसाळाभर चिखल. शारीरिक शिक्षणाला काय घ्यावं?

बार्शीवाले, पुन्हा

सर, बाकं भिंतीला लावा. जमिनीवर खडूने शिडी काढा, दहा घरांची. एक पाय, दोन पाय, उलट्या दिशेने, डोळे मिटून मित्राच्या सूचनेवर, असे प्रकार बदलत न्या. बाकीची मुलं भिंतीपाशी बसून ताल धरतात, म्हणजे रिकामं कुणी राहत नाही. चार रांगा केल्या तर वाट बघावी लागत नाही. शिडीचे आणखी प्रकार एका कागदावर काढून ठेवलेत, फोटो उद्या टाकतो.