प्रागमध्ये आईबाबांसोबत: २२ नंबरची ट्राम पकडा

आईबाबांना प्राग दाखवायचंय, पण आईचे गुडघे दुखतात म्हणून टूरवाल्यांची बस घ्यावी का, असं एकाने विचारलंय. माझं मत, नका घेऊ. आम्ही दोघं नि माझे सासूसासरे, सगळे कोथरूडचे, प्राग २२ नंबरच्या ट्रामनेच पाहिलं.

नारोद्नी दिवाद्लो, म्हणजे राष्ट्रीय नाट्यगृह, इथून किल्ल्याच्या दिशेने चढा आणि उजवीकडची खिडकी धरा. लगेच व्ल्तावा नदीवरचा पूल लागतो. पाण्यापलीकडे चार्ल्स ब्रिज, वर किल्ला. पण मला आवडली ती पुढची लेतेन्स्का गल्ली. रस्ता इतका अरुंद की दोन्ही दिशांचे रूळ एकमेकांत गुंफलेत, आणि ट्राम चक्क एका इमारतीच्या कमानीखालून जाते. समोरची गाडी येईपर्यंत आपली थांबून राहते. सासरे म्हणाले, "आपल्या पेठेत असं कुणी थांबेल का रे?"

मग वळणं घेत चढ. बहुतेक लोक प्राझ्स्की ह्राद, म्हणजे किल्ल्याच्या थांब्याला उतरतात. तुम्ही पुढे पोहोर्झेलेत्स थांब्याला उतरा. तिथून किल्ल्यापर्यंत उतारच आहे. पर्वती चढायची नाही, नुसती उतरायची, असं समजा. दगडी फरसबंदी मात्र खडबडीत आहे, आईंना बूट घालायला लावा.

कागदी तिकीट चढल्याबरोबर पिवळ्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर खिशात असूनही दंड. दिवसभर फिरणार असाल तर २४ तासांचं घ्या. जुन्या धाटणीच्या टाट्रा टी३ ट्राम हव्या असतील तर २३ नंबर बघा. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात.