मदत हवी आहे: आमिष न टाकता शार्क कुठे बघायला मिळतील?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची. तारकर्लीला प्रशिक्षकाच्या आधाराने पाण्याखाली जाऊन आले आणि आता शार्क बघायचाच, असं मनाने घेतलंय. दिवाळीनंतर धाकटा भाऊ आणि मी अंदमानातल्या स्वराज द्वीपला (हॅवलॉक) ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, करणार आहोत.

तिथल्या जॉनीज गॉर्ज या डाइव्हच्या जागी व्हाइटटिप रीफ शार्क तळाशी वाळूवर पडून असतात म्हणे. पण ती जागा ३० मीटरच्या आसपास खोल, आणि ओपन वॉटरवर १८ मीटरच्या खाली जाता येत नाही. मग त्यापुढचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स त्याच सहलीत उरकावा, की आधी थोडे डाइव्ह करून हात बसू द्यावा? पाण्याखाली दाब वाढला की माझा डावा कान उशिरा सुटतो. नाक दाबून फुंकलं की उजवा लगेच टचकन मोकळा होतो, डाव्यासाठी मान तिरकी करून थांबावं लागतं. कानाच्या डॉक्टरांनी पडदा ठीक आहे म्हणून सांगितलंय, पण घाईघाईत खाली जायची मला भीती वाटते.

भावाला लहानपणी दमा होता. कोर्सच्या वैद्यकीय फॉर्मवर ते लिहिलं की डॉक्टरची सही लागू शकते, आणि लपवायचं तर मुळीच नाही. डायव्हिंगची माहिती असलेले छातीचे डॉक्टर नागपुरात कोणाला ठाऊक आहेत का?

काही जण म्हणतात, सरळ मालदीवच्या फुवाहमुलाहला जा, टायगर शार्क हमखास दिसतात. पण तिथे ट्यूनाची मुंडकी टाकून त्यांना जवळ आणतात. आम्ही ताडोबाला जाणारी माणसं; तिथे वाघाला मांस दाखवून गाडीजवळ बोलावलेलं आपण खपवून घेऊ का? मालदीवने २०१० मध्ये शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली, पर्यटनामुळे जिवंत शार्कला किंमत आली, हेही खरं. तरी मला पटत नाही. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगा, शार्कच्या वागण्यात फरक जाणवतो का?

मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला ब्लॅकटिप शार्क कमी खोलीवर दिसतात का? कोणत्या महिन्यात पाणी स्वच्छ असतं?

आणि परतीचं: शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी १८ तास ठेवायचे, म्हणून शेवटचा पूर्ण दिवस जमिनीवरच काढणार आहोत. पुढे कोलकाता किंवा चेन्नईला विमान बदलून नागपूर. अंदमानहून परतताना बोटीचा गोंधळ किती होतो, त्यासाठी आणखी एक दिवस हाताशी ठेवावा का?