माळ्यावरच्या कॅसेटी आणि फोनमधला ‘स्वच्छ’ आवाज: गाणं जास्त कुठल्यात?

खाडीपलीकडे (वेंगुर्ला)
चतुर्थीच्या आधी गणपतीवर टांगायची माटवी काढायला माळ्यावर चढलो आणि बाबांची कॅसेटींची पत्र्याची पेटी हाती लागली. चाळीसेक असतील. निम्म्यांच्या फितीला कडेने पांढरी बुरशी धरलेली. आपल्याकडे चार महिने पाऊस, दुसरं काय होणार! ‘मत्स्यगंधा’ नाटकाच्या पदांची मात्र शाबूत निघाली. पाहुणे गेल्यावर दुपारी पडवीत लावली. ‘गुंतता हृदय हे’ सुरू झालं, रामदास कामतांचा आवाज आला आणि आई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली.

मग तेच पद फोनवर लावलं. कुणीतरी साफसफाई करून चढवलेली प्रत. खरखर गेली आहे, आवाज दणदणीत झाला आहे. पण ओळ संपल्यावर कामत जो श्वास घेतात तोही गेला आहे. सूर विरत जायला हवा, तिथे तो कापल्यासारखा थांबतो.

माझं म्हणणं असं की जुनी माणसं एका खोलीत, एकमेकांकडे बघत गात-वाजवत होती आणि ते ऐकू येतं. आता तबला एका दिवशी, पेटी दुसऱ्या दिवशी, गायक तिसऱ्याच शहरात. गायकाने एखादी जागा, म्हणजे सुरांचं खास वळण, घेतली तर तबलजी तिला दाद देणार कशी? तो तिथे नसतोच. खरखर राहिली तरी चालेल, गाणं राहिलं पाहिजे.

तारषड्ज (रत्नागिरी)
तुमच्या भावनेबद्दल आदर आहे, पण ध्वनिमुद्रण हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. तुम्ही गाण्याचं श्रेय कॅसेटला देताय. विकतच्या कॅसेटी ३२ किंवा ६४ पट वेगाने छापल्या जायच्या. फीत जेमतेम ४ मिलिमीटर रुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांत साध्या कॅसेटवर साधारण ५० डेसिबलचं अंतर मिळतं, सीडीवर ९६. तुम्हाला जे आवडलं ती संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांची चाल आणि कामतांचा गळा. श्वास पुसला तो साफ करणाऱ्याच्या घाईने, त्याचा दोष नव्या तंत्राला नको.

आणि जुन्या काळाने किती नेलं तेही बघा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास जागा. लाँग प्ले रेकॉर्ड आली १९४८ साली, नाट्यगायक मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले १९४२ला. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत पद कितीही रंगलं तरी तबकडीसाठी ते आवळूनच गावं लागायचं. त्यांचं आपल्याकडे जे उरलंय ते असं आवळलेलं. आज राजापूरचा एखादा मुलगा हातात मावणाऱ्या यंत्रावर तासभराचा राग न तोडता मुद्रित करतो. मला यात प्रगतीच दिसते.

सातेरीचो झील (कुडाळ)
खरा सांगू, माका दोघांचाय पुराय पटूक नाय.

आमच्या मामाने जत्रेतल्या दशावताराच्या कॅसेटी भरून ठेवल्या आहेत. दशावताराचे संवाद कुणी लिहून ठेवत नाही, नट तिथल्या तिथे बोलतो. त्या रात्रीचं नाटक त्या फितीशिवाय जगात कुठेच नाही. गेल्या वर्षी शहरातल्या एका दुकानात दिल्या, “साफ करून देतो” म्हणाले. परत आलं तेव्हा पखवाज होता, पेटी होती, झांज गायब! झांजेचा झणत्कार मशीनला खरखर वाटला, त्यांनी तो कापला. मूळ कॅसेटी आमच्याकडे आहेत म्हणून वाचलो.

दुसरी गंमत वेगाची. मामाचा टेप सेलवर चालायचा. पहाटेपर्यंत सेल उतरायचे, मोटर हळू व्हायची. हळू भरलेली फीत आता नीट वेगाने लावली की राक्षससुद्धा पातळ आवाजात बोलतो. पेटीवाले कायम काळी एक पट्टीत वाजवायचे, कॅसेटच्या शेवटी पट्टी अर्धा स्वर चढून थेट पांढरी दोन लागते. यात ‘जुनं तेच खरं’ कसं म्हणायचं?

तारषड्ज (रत्नागिरी)
काळी एक ते पांढरी दोन म्हणजे जवळपास ६ टक्के वेग जास्त. पेटीचे सूर सहसा हलत नाहीत, त्यामुळे तुमच्याकडे मोजपट्टी तयार आहे. त्यांची पेटी अजून असेल तर आधी तिचा षड्ज (सा) भरून घ्या. सेल हळूहळू उतरतात, म्हणून सबंध कॅसेटला एकच टक्का लावू नका, दर पाच मिनिटांनी पेटीशी जुळवा. आणि झांजेच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, ते काम वाईट केलं आहे.

केवडा (देवगड)
खाडीपलीकडे दादा, “खरखर राहिली तरी चालेल” हे ज्याला शब्द आधीच पाठ आहेत त्याने म्हणावं. माझ्याकडे आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एकच कॅसेट आहे. जात्याच्या घरघरीत तिचे शब्द बुडायचे. आईला आता कमी ऐकू येतं. एका ओळखीच्या मुलाने दोन महिने बसून, थोडं थोडं करत घरघर खाली आणली. त्यानंतर आईने एका ओवीत स्वतःचं माहेरचं नाव ऐकलं. इतकी वर्षं ते तिथे होतं आणि आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. मला ती घरघर जपायची नाहीये, मला आजी हवी आहे.

खाडीपलीकडे (वेंगुर्ला)
ताई, तुमचं वाचून थांबलो. तुमच्या बाबतीत माझं वाक्य चुकलं, मागे घेतो.

मोठ्या आवाजाबद्दल मात्र मागे हटत नाही. हळू सूर वर ओढायचा आणि मोठा सूर दाबायचा, म्हणजे सगळं एका उंचीला येतं आणि पहिल्या क्षणी कानाला भारी वाटतं. गायकाने मुद्दाम हळू घेतलेली जागा मग हळू राहतच नाही. सीडीचे ९६ डेसिबल मिळाले आणि आपण त्यातले मूठभर वापरतो, हे योग्य आहे का, तारषड्ज तुम्हीच सांगा.

तारषड्ज (रत्नागिरी)
नाही. आणि खंत अशी की तसं करून मिळतही काही नाही. बरीच ॲप्स आता सगळ्या गाण्यांची पातळी एकसारखी करतात, मुद्दाम मोठं केलेलं खाली आणतात. दाबून गेलेली जागा मात्र परत येत नाही. एकत्र बसून मुद्रण करण्याबद्दलही मी तुमच्या बाजूने आहे. नाट्यसंगीत आणि भजनाला मी स्वतः सगळ्यांना एकाच खोलीत बसवतो. माझा विरोध फक्त कॅसेटच्या पूजेला आहे.

बुरशीच्या कॅसेटी चुकूनही टेपमध्ये घालू नका, फीत वाचणाऱ्या हेडला बुरशी लागून बाकीच्याही जातील. उन्हातही नको. सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवा. स्क्रू असलेल्या असतील तर फीत नव्या खोक्यात बसवता येते. दाब देणारा स्पंज गळला असेल तर कोऱ्या कॅसेटचा काढून लावा. पहिली प्रत काहीही न पुसता भरायची, ती कधीच खोडायची नाही. साफसफाई दुसऱ्या प्रतीवर.

सातेरीचो झील (कुडाळ)
पेटीवाल्यांच्या घरी फोन केला. पेटी आहे, दोन सूर बसलेत म्हणाले, पण षड्ज शाबूत आहे. रविवारी जातोय.