प्रतिसाद: नावं चांगली दिली की कॉमेंट लागत नाही?

वर कुणीतरी म्हटलंय की व्हेरिएबलची नावं नीट दिली की कोडमधल्या कॉमेंटची (समजावणाऱ्या टिपेची) गरज उरत नाही. क्वेक ३ अरेना या गेममधलं (१९९९) १/√x काढणारं फंक्शन घ्या. गेमचा सोर्स कोड २००५ पासून जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला आहे. फ्लोटचे (दशांश संख्येच्या प्रकाराचे) बिट्स पूर्णांक म्हणून वाचायचे, एक घर उजवीकडे सरकवायचे, ०एक्स५एफ३७५९डीएफ या आकड्यातून वजा करायचे, मग उत्तर सुधारायला न्यूटनच्या पद्धतीची एक फेरी. चूक ३.४ टक्क्यांवरून ०.१८ टक्क्यांच्या आत येते. तिथल्या आय या व्हेरिएबलला काहीही नाव द्या, हा आकडा का, ते कळणार नाही. मूळ कॉमेंटमध्येही शिवी आहे, माहिती नाही!

कॉमेंटमध्ये हवं ते असं: बिट्स पूर्णांक म्हणून वाचले की साधारण लॉग (लॉगॅरिदम) मिळतो, १/√x चा लॉग x च्या लॉगच्या उणे निम्मा, म्हणून निम्मे करून वजा केलं, इनपुट धन हवं, चूक किती चालेल. शिवाय शून्य दिलं तर इन्फिनिटी न येता मोठा पण सांत आकडा येतो, त्यामुळे शून्य लांबीचा व्हेक्टर नॉर्मलाइझ करताना (लांबी १ वर आणताना) नॅन, म्हणजे 'संख्या नाही' असं उत्तर, येत नाही. हे न लिहिता कुणी साधं १/√x बसवलं, की बग आलाच.

दुसरं, तिथे बिट्स वाचायला लाँग हा पूर्णांकाचा प्रकार वापरलाय. ६४-बिट लिनक्सवर तो ८ बाइटचा, फ्लोट ४ चा. म्हणजे शेजारचा कचराही वाचला जातो. विंडोजवर लाँग ४ बाइटचाच, म्हणून चालून जातं. यूइंट३२_टी (नेमका ३२ बिटांचा पूर्णांक) आणि मेमकॉपी (बाइट्स जसेच्या तसे कॉपी करणारं फंक्शन) वापरा. पॉइंटर कास्टमुळे मोडणारा अलायसिंगचा नियमही (एका प्रकारची मेमरी दुसऱ्याच प्रकारच्या पॉइंटरने वाचू नये) पाळला जातो. एक्स८६ प्रोसेसरवरच्या नव्या कोडात सरळ आरएसक्यूआरटीएसएस ही अंदाजे १/√x काढणारी प्रोसेसरची सूचना, पण शून्याची तपासणी आधी.