मदत हवी आहे: 'ला कासा ३' नंतर पुढचे भाग बघू का?

मंडळी, काल रात्री इटालियन दिग्दर्शक उंबेर्तो लेन्झीचा 'ला कासा ३' (१९८८) हा भयपट बघितला. झपाटलेलं घर, हॅम रेडिओवर (हौशी लोकांच्या बिनतारी संचावर) ऐकू येणाऱ्या किंकाळ्या, जोकरच्या बाहुलीला कवटाळून बसलेली मुलगी. मसाला सगळा आहे, पण भाजी अळणी! संवाद तर असे, की भुतापेक्षा डबिंगचीच जास्त भीती वाटली. ती बाहुली मात्र दात विचकते तेव्हा खरंच दचकलो, हे कबूल.

आधी वाटलं, पहिले दोन भाग न बघितल्याने काही कळत नसेल. मग समजलं, 'ईव्हिल डेड' या अमेरिकी भयपटमालिकेचे दोन सिनेमे इटलीत 'ला कासा' नावाने लागले होते, आणि इटालियन निर्मात्यांनी तोच आकडा पुढे रेटला. कथेचा काडीचाही संबंध नाही!

आता प्रश्न असा: चौथ्यात लिंडा ब्लेअर आणि डेव्हिड हॅसलहॉफ आहेत, पाचवा (१९९०) क्लाउदिओ फ्रागासोचा. यातला एक तरी रात्र जागण्यालायक आहे का? की सरळ मागे जाऊन इटालियन भयपट-दिग्दर्शक लुचिओ फुल्चीचे १९८१ चे सिनेमे धरू? आणि इटालियन डब बरा की इंग्रजी? शनिवारी भाऊ येतोय, त्याला झोप लागली तर वर्षभर टोमणे ऐकावे लागतील.